माप ओलांडण्याचा परवाना

आमच्याकडे नवी सून घरी येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळाने भरलेले माप ठेवतात. ते उजव्या पायाने लवंडून ती आत येते आणि त्या क्षणापासून ते घर तिचे होते. तिला आत घ्यावे की न घ्यावे, असा प्रश्न त्या वेळी कोणी काढीत नाही; तो लग्न ठरले तेव्हाच सुटलेला असतो. परंतु वधू एका देशाची आणि घर दुसऱ्या देशात असले, म्हणजे घराच्या उंबरठ्याआधी आणखी एक उंबरठा आडवा येतो. तो सरकारचा. तेथे मापाऐवजी कागद असतात, सासूऐवजी अंमलदार असतो, आणि लग्न ठरले म्हणून प्रश्न सुटत नाही. उलट लग्न झाले म्हणूनच तो सुरू होतो.

या उंबरठ्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास आम्ही आज मांडणार आहोत. हा विषय कायद्याच्या किचकट कलमांचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण त्या कलमांखाली एक साधा प्रश्न दडलेला आहे. परदेशी पत्नीला किंवा पतीला देशात येण्याचा जो हक्क मिळतो, तो कशामुळे मिळतो? लग्नगाठीमुळे, की त्या गाठीमागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कोणत्या तरी बळामुळे?

एकोणिसाव्या शतकातील कायद्याचे उत्तर सोपे होते. पत्नीला स्वतःचा देशच नव्हता. १८७० च्या इंग्रजी कायद्याने ठरविले की परकीयाशी लग्न करणारी ब्रिटिश स्त्री ब्रिटिश राहत नाही, आणि ब्रिटिश पुरुषाशी लग्न करणारी परकीय स्त्री ब्रिटिश होते. १९०७ साली अमेरिकेनेही आपल्या स्त्रियांना हाच नियम लावला. पतीचा देश तो पत्नीचा देश. मग पत्नीला प्रवेश द्यावा की नाही, हा वाद फारसा उद्भवत नव्हता. वरवर पाहता ही व्यवस्था उदार दिसते. तिच्यातील दुसरी बाजू एथेल मॅकेंझी या बाईंच्या खटल्याने उघडी पडली. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या या बाईंनी १९०९ साली एका स्कॉटिश गृहस्थाशी विवाह केला. नवरा कॅलिफोर्नियातच राहत होता. बाईंनी देश सोडला नव्हता. पुढे त्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही अमेरिकन नाही. १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही हेच कायम केले. परकीयाशी लग्न केल्यास काय होते हे ठाऊक असून त्यांनी ते केले, तेव्हा देश त्यांनी आपखुशीने सोडला, असा न्यायालयाचा तर्क होता. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात बसलेली स्त्री अशा रीतीने परदेशी ठरली.

तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत होती: लग्न हे लग्न म्हणून मान्य आहे. ते गृहीतच काढून घेतले तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांनी १९१३ साली अनुभवले. हसन इसप नावाच्या तेथील रहिवाशाची पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून आली असता तिला प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण केप प्रांताच्या न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निर्णय दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक पत्नी करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने लागलेले लग्न या देशाच्या कायद्याला मान्य नाही. मग नवऱ्याने प्रत्यक्षात एकच बायको केलेली असो. या एका निर्णयाने तेथील हिंदू, मुसलमान आणि पारशी संसार कायद्याच्या दृष्टीने निराधार झाले. पत्नी ही पत्नी उरली नाही, आणि मुलांचा वारसा संशयात सापडला.

गांधीजींच्या सत्याग्रहाला तोवर तीन पौंडांचा कर आणि वसाहतीतील प्रवेशबंदी ही कारणे होतीच. पण हा प्रश्न घरातल्या चुलीपर्यंत पोहोचला आणि लढ्याचे स्वरूप पालटले. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची पहिली तुकडी ट्रान्सवालची हद्द विनापरवाना ओलांडण्यास निघाली. तिच्यात चार स्त्रिया होत्या आणि त्यांत कस्तुरबा होत्या. सर्वांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. ट्रान्सवालातील तमिळ स्त्रिया नाताळात शिरून न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींपर्यंत गेल्या आणि त्यांच्या शब्दावर खाणीतील गिरमिट्यांनी काम टाकले. वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची मुलगी तुरुंगातून तापाने फणफणत बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये तिने प्राण सोडला.

या वार्तेने मुंबई हलली. नामदार गोखले आदल्याच वर्षी, १९१२ साली, दक्षिण आफ्रिका पाहून आले होते; प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी या लढ्यासाठी देशभर पैसा उभा केला. सर फिरोजशहा मेहता हे सनदशीर मार्गाचे कट्टे पुरस्कर्ते. कायदा मोडण्याच्या मार्गाबद्दल त्यांना ओढा नव्हता. पण आपल्या स्त्रिया सामान्य गुन्हेगारांबरोबर तुरुंगात पडल्या आहेत, या विचाराने आपले रक्त उसळते, असे त्यांनीही मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत बोलून दाखविले. अखेर १९१४ साली हिंदी लोकांना दिलासा देणारा कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला, आणि एका पत्नीचा विवाह व तिचा प्रवेश मान्य झाला. येथे आम्ही एका गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. लग्नगाठ १९१३ सालीही तीच होती आणि १९१४ सालीही तीच होती. मधल्या काळात तिच्यामागे हजारो मजुरांचा संप आणि तुरुंग भरणाऱ्या स्त्रिया उभ्या राहिल्या, एवढाच काय तो फरक.

आता त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडात जाऊ. तेथे १९०८ साली असा नियम करण्यात आला की येणाऱ्याने आपल्या मायदेशाहून थेट, मध्ये प्रवास न तोडता आले पाहिजे. नियमात हिंदुस्थानचे नाव कोठेही नव्हते. पण हिंदुस्थानातून व्हँकुव्हरला थेट जाण्याची सोयच नव्हती. आधीच गेलेले पंजाबी शेतकरी आणि लाकूडगिरण्यांतील कामगार तेथे राहिले, पण त्यांच्या बायकामुलांना यायला वाट उरली नाही. भाग सिंग आणि बलवंत सिंग हे तेथील शीख समाजाचे दोन पुढारी. ते स्वतः जुने रहिवासी असल्याने त्यांच्या प्रवेशाला हरकत नव्हती. १९१२ च्या आरंभी ते कुटुंबांसह परतले, तेव्हा पुरुषांना उतरू दिले आणि त्यांच्या बायकामुलांना परत पाठविण्याचा हुकूम निघाला. पुष्कळ खटपटीनंतर त्यांना राहू दिले. पण सरकारने बजावले की ही केवळ मेहरबानी आहे, हा हक्क नव्हे.

मेहरबानीचा हक्क व्हायला महायुद्ध लागले. हिंदी सैनिकांनी फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत रक्त सांडल्यावर १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत हिंदुस्थानच्या प्रतिनिधींना, त्यांत सर एस. पी. सिन्हा होते, हा प्रश्न जोराने मांडता आला. परिषदेने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने राखून ठेवले. आपल्या देशात कोणी यावे व कोणी येऊ नये हे ठरविण्याचा प्रत्येक वसाहतीचा पूर्ण अधिकार मान्य झाला. मात्र आधीच स्थायिक झालेल्या हिंदी माणसाला आपली एक पत्नी आणि अज्ञान मुले आणता यावीत, असे ठरले. ती त्याची खरीखुरी पत्नी आहे, असा हिंदुस्थान सरकारचा दाखला हवा होता. १९१९ साली कॅनडाने हे अमलात आणले. येणाऱ्या पत्नीच्या हातात सरकारी दाखला येथे आला, आणि तो आजतागायत तिच्या हातून सुटलेला नाही.

अमेरिकेची कथा याहून विचित्र आहे. १९२२ साली केबल कायद्याने पत्नीचे नागरिकत्व पतीपासून बरेचसे सुटे केले. मॅकेंझीबाईंवरील अन्यायाची ही भरपाई होती. पण त्यात एक मेख होती. जो परकीय वंशामुळे अमेरिकन नागरिक होण्यास अपात्र आहे, त्याच्याशी लग्न करणारी स्त्री आपले नागरिकत्व गमावीतच राहिली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसांना अपात्र ठरविले. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी या जन्माने अमेरिकन होत्या. या दोन गोष्टींच्या कात्रीत सापडून त्यांना परदेशी ठरविण्यात आले. हे कलम १९३१ साली गेले. कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकऱ्यांना तर मायदेशातून बायको आणण्याची सोयच नव्हती. पुष्कळांनी मेक्सिकन स्त्रियांशी संसार मांडले. १९४६ साली हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले, तेही वर्षाला शंभर जणांच्या मर्यादेने.

त्या काळातील एक दिवस मात्र मुद्दाम स्मरणात ठेवण्यासारखा आहे. २५ मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. दोन्ही चिनी पत्नींविषयी होते. एका प्रकरणातील पती चिनी वंशाचे, पण अमेरिकेचे नागरिक होते. दुसऱ्यातील पती चीनचे प्रजाजन असलेले व्यापारी होते. श्रोत्यांना सहज वाटेल की नागरिकाच्या पत्नीला प्रवेश मिळाला असेल आणि परक्याच्या पत्नीला नाकारला असेल. झाले नेमके उलटे. व्यापाऱ्यांच्या पत्नींना प्रवेश मिळाला, कारण त्यांच्यामागे चीन आणि अमेरिका यांच्यातील जुना व्यापारी तह होता. नागरिकांच्या पत्नींना नाकारले, कारण १९२४ च्या कायद्याने त्यांना सूट दिलेली नव्हती. कोणाची गाठ किती पक्की, हा प्रश्नच नव्हता. कोणाच्या पाठीशी काय आहे, हा प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच गोष्ट सैन्याच्या बाबतीत दिसली. परदेशात लढलेल्या सैनिकांनी तेथे केलेल्या बायका आणता याव्यात म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये खास कायदा झाला. वंशामुळे अपात्र ठरलेल्या आशियाई वधूंना त्यात १९४७ पर्यंत जागा नव्हती. आणि ज्यांना जागा होती, त्यांचाही हक्क किती कच्चा होता, हे एलेन क्नाउफ यांच्या प्रकरणाने दाखविले. जर्मनीत जन्मलेल्या या बाई हिटलरच्या राज्यातून निसटून इंग्लंडात आल्या, ब्रिटिश हवाई दलात काम केले आणि १९४८ साली अमेरिकन नागरिक असलेल्या माजी सैनिकाशी लग्न करून न्यूयॉर्कला उतरल्या. तेथे त्यांना एलिस बेटावर अडकविण्यात आले. कारण सांगितले नाही, सुनावणी दिली नाही. पुरावा गुप्त आहे, एवढेच उत्तर. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की दारात उभ्या असलेल्या परकीयाला सरकार देईल तोच न्याय. पुढे वृत्तपत्रांनी आणि लोकप्रतिनिधींनी हाकाटी केली, सुनावणी झाली, पुराव्यात दम नाही असे दिसले आणि १९५१ च्या नोव्हेंबरात बाई आत आल्या. म्हणजे येथेही अखेर दार उघडले ते बाहेरच्या बळाने.

आता आम्ही ब्रिटनकडे वळतो, कारण या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण तेथे घडले. राष्ट्रकुलातील लोकांवर १९६२ च्या कायद्याने बंधने आली, तरी स्थायिक पुरुषाच्या पत्नीचा व लहान मुलांचा प्रवेश हक्क म्हणून राहिला. स्त्रीने आपला पती आणायचा म्हटले, की मात्र सरकारच्या कपाळावर आठी पडे. पत्नी येते ती घरात येते, पती येतो तो नोकरीच्या बाजारात येतो, असा त्यामागचा हिशेब. १९६९ साली गृहमंत्री कॅलहॅन यांनी राष्ट्रकुलातील पतींचा प्रवेश जवळजवळ थांबविला. १९७४ साली रॉय जेंकिन्स यांनी तो पुन्हा खुला केला. आणि १९८० साली त्यावर पुन्हा बंधने आली.

पत्नीला हक्क होता, म्हणून तिची वाट सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. हिंदुस्थानातील ब्रिटिश कचेऱ्यांत तिला आधी प्रवेशपत्र मिळवावे लागे आणि त्याची रांग लांबच लांब असे. वाग्दत्त वधूला ही रांग नव्हती. येऊन तीन महिन्यांत लग्न केले की झाले. तेव्हा येणारी स्त्री खरोखर अविवाहित आहे की रांग चुकविणारी पत्नी आहे, असा संशय अंमलदारांना येई. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची, ती कुमारी आहे की नाही हे पाहण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. वृत्तपत्रांनी हे उजेडात आणताच भारत सरकारने निषेध केला आणि ही चाल तत्काळ बंद करण्यात आली. पुढे २०११ साली सरकारी दप्तरांच्या अभ्यासातून उघड झाले की असा प्रसंग एकटीवर आला नव्हता. किमान ऐंशी स्त्रियांना यातून जावे लागले होते. हक्क आहे एवढ्याने माणसाची अब्रू सुरक्षित राहत नाही. तो हक्क कोणत्या दारातून आणि कोणाच्या हातून मिळतो, हेही पाहावे लागते.

पतींच्या प्रवेशावरील बंधनांविरुद्ध तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. नर्गिस अब्दुलअझीझ, आर्सेली काबालेस आणि सोहैर बाल्कंदाली. तिघीही ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या, तिघींच्याही पतींना सरकारने नाकारलेले. २८ मे १९८५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. जोडप्याने आपला संसार कोठे मांडावा, ही त्याची निवड मान्य करण्यास राज्य बांधलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. परंतु पुरुषाला पत्नी आणता येते आणि स्त्रीला पती आणता येत नाही, हा भेद अन्यायाचा आहे. तिघी जिंकल्या.

पुढे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे. ब्रिटिश सरकारने भेद मिटविला. तो कसा? पुरुषांना जे होते ते स्त्रियांना दिले नाही. स्त्रियांवर जी बंधने होती ती पुरुषांवरही घातली. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून पत्नीलाही पतीच्याच कसोट्या लागू झाल्या. हे लग्न मुख्यतः देशात शिरण्यासाठी केलेले नाही, असे सिद्ध करण्याची कुप्रसिद्ध अट आता दोघांवरही आली. ती १९९७ साली उठली. १९८८ च्या कायद्याने जुन्या रहिवाशांचा पत्नी आणण्याचा निरपवाद हक्कही गेला. दोन भावांपैकी एकाला भाकरी मिळत नव्हती; न्यायासाठी तक्रार केली, तर दुसऱ्याच्या ताटातलीही काढून घेतली, आणि वर सांगितले की आता दोघे समान झाले! समता मिळाली खरी, पण ती वजाबाकीची.

याला एक पूरक कथा आहे. सुरिंदर सिंग या भारतीय गृहस्थाचा विवाह ब्रिटिश स्त्रीशी झाला होता. दोघे काही वर्षे जर्मनीत नोकरी करून ब्रिटनला परतले. १९९२ साली युरोपीय न्यायालयाने ठरविले की अशा जोडप्याला परतताना युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते. का? तर युरोपातील कामगारांनी मोकळेपणाने फिरावे, हा त्या बाजारपेठेचा पाया होता. परिणाम असा झाला, की देश कधीच न सोडलेल्या ब्रिटिश माणसापेक्षा जर्मनीत राबून परतलेल्याचा आपल्या जोडीदारावरील हक्क बळकट ठरला. १९२५ च्या चिनी व्यापाऱ्यांची आठवण येथे होते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर हा मार्गही बंद झाला. तत्पूर्वीच, जुलै २०१२ मध्ये, जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे उत्पन्न वर्षाला किमान १८,६०० पौंड असावे, असा दंडक आला होता. एप्रिल २०२४ मध्ये तो २९,००० पौंडांवर नेण्यात आला. वंशाची कसोटी गेली, लिंगाची गेली, पैशाची आली.

दुसऱ्यांची घरे तपासताना आपले घर झाकून ठेवणे बरे नव्हे. आमच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतीयाशी विवाह केलेल्या स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व देण्याची तरतूद होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीसाठी ती नव्हती. ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द १९८६ साली आला. भारतीय स्त्रीला परदेशात झालेले मूल केवळ तिच्यामुळे भारतीय ठरण्यास १९९२ साल उजाडावे लागले. आणि आज पुण्या-मुंबईतून अमेरिकेला गेलेल्या कित्येक शिकलेल्या मुली पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर गेलेल्या आहेत. त्यांना वर्षानुवर्षे नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून त्यांच्यापैकी काहींना, पतीच्या कायम वास्तव्याचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचल्यास, ती मिळू लागली. मॅकेंझीबाईंच्या काळी पत्नीचा देश पतीच्या देशावर टांगलेला होता; या मुलींचे कर्तृत्व त्याच्या अर्जावर टांगले गेले.

या साऱ्याचा निष्कर्ष काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याने माणसाला विवाह करण्याचा, कुटुंब वसविण्याचा, आपला देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा हक्क दिला. पण जोडीदाराच्या देशात शिरण्याचा हक्क त्याने कोणाला दिलेला नाही. दोन देशांच्या नवराबायकोचा संसार नेमक्या या फटीत सापडतो. अंमलदाराने आजवर ‘हे दोघे पतिपत्नी आहेत काय’ एवढेच विचारून कधी भागविले नाही. ‘ही कोणाची पत्नी, हा कोणाचा पती, आणि तो कोण आमच्या किती उपयोगाचा’, हे तो विचारीत आला. व्यापारी, सैनिक, कामगार, पगारदार, जो उपयोगाचा त्याच्या जोडीदाराला वाट. ज्याच्यामागे असे काही नव्हते, त्याला तुरुंग भरावे लागले किंवा न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

राष्ट्राला आपली हद्द राखण्याचा अधिकार आहे, हे आम्हांस मान्य आहे. खोटी लग्ने होतात, हेही खरे. खोट्याची चौकशी अवश्य व्हावी. पण चौकशी खरेखोटे पाहण्यापुरती असावी. खऱ्या गाठीची किंमत नवऱ्याच्या पगारावरून किंवा बायकोच्या वंशावरून ठरविण्याचा अधिकार चौकशीतून उपजत नाही. बाई मरियम हिला १९१३ साली जो हक्क नाकारला गेला, तो मागण्यासाठी कस्तुरबांनी सक्तमजुरी पत्करली. त्यांनी मागितली होती ती सवलत नव्हती, मेहरबानीही नव्हती. आम्ही नवराबायको आहोत, एवढे पुरेसे माना, इतकीच त्यांची मागणी होती. एका पत्नीपुरती ती त्या देशात मान्य झाली. जगाच्या बहुतेक दारांवर ती अजून तशीच उभी आहे.